हिरव्या चहाचा हिशेब

सकाळी सहाची वेळ. गॅसच्या एका शेगडीवर नेहमीचा चहा उकळत असतो : आले ठेचून घातलेला, दुधाचा, कपाला दोन चमचे साखरेचा. शेजारच्या शेगडीवर घरातल्या एकाच माणसासाठी नुसते पाणी तापत असते. त्या माणसाच्या रक्ततपासणीत साखर किंवा कोलेस्टेरॉल काठावर आलेले असते, नाहीतर ऑफिसातल्या कुणीतरी ‘महिन्यात चार किलो उतरले’ अशी खात्री दिलेली असते. तापलेल्या पाण्यात ग्रीन टीची पिशवी बुडते, दोऱ्याला धरून दहा वेळा वर-खाली होते आणि काढा घ्यावा तसे तोंड वाकडे करून तो कप संपवला जातो. घराघरांत आता चहाच्या दोन जाती झाल्या आहेत. एक आवडीचा, पण अपराधी वाटायला लावणारा. दुसरा नावडता, पण पुण्य पदरात टाकणारा.

हे पुण्य नेमके किती, याचा हिशेब मांडायला हवा. एके काळी मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत मिळणारा ग्रीन टीचा खोका आज तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातही दिसतो. त्याच्याबरोबर दावेही तितकेच दूरवर पोचले आहेत. वजन उतरते, चरबी ‘जळते’, हृदय सांभाळले जाते, कर्करोग दूर राहतो, मधुमेह आटोक्यात येतो. यांतले काही अंशतः खरे आहे, काही अर्धवट आहे आणि काही निव्वळ विक्रीची भाषा आहे. प्रश्न केवळ खोक्याच्या किमतीचा असता तर सोडून देता आला असता. पण या दाव्यांवर विसंबून कुणी रक्तदाबाची गोळी परस्पर अर्धी करतो, कुणी अंगात रक्त कमी असताना जेवणावर ग्रीन टी घेते, कुणी त्याच्या अर्काच्या कॅप्सूल गिळून यकृत दुखावून घेतो. तेव्हा विज्ञान काय म्हणते आणि काय म्हणत नाही, हे दोन्ही नीट समजून घेणे भाग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रीन टीचे झाड वेगळे नसते. ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झुडपाच्या कोवळ्या पानांपासून हिरवा आणि काळा असे दोन्ही चहा होतात. फरक पडतो तो पाने खुडल्यानंतरच्या काही तासांत. काळ्या चहासाठी पाने सुकवून, चुरगाळून हवेत ठेवतात. सफरचंदाची फोड कापून ठेवली की तांबूस पडते, तशीच क्रिया त्या पानांत घडते आणि ती काळपट होतात. ग्रीन टीसाठी मात्र खुडल्यावर लवकरात लवकर पानांना उष्णता देतात; जपानात वाफेवर, चीनमध्ये बहुधा कढईत परतून. त्या उष्णतेने पानातले विकर निकामी होते, पुढची क्रिया थांबते, रंग हिरवा राहतो आणि ‘कॅटेचिन’ गटातली रसायने बरीचशी शाबूत राहतात. त्यांतले प्रमुख एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. काळ्या चहात याच कॅटेचिनांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्ये तयार होतात. चहाचा लालसर रंग त्यांचाच. म्हणजे काळ्या चहातले गुण ‘मरतात’ असे नाही, त्यांचे रूप बदलते.

इथेच आणखी एक घोटाळा दूर करायला हवा. परसदारी उगवणारा गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे. ते सुगंधी गवत आहे. चहाच्या झुडपाशी त्याचे काही नाते नाही, त्यात कॅफीनही नसते. तुळस, आले, गवती चहा घालून केलेले गरम पेय सर्दीत बरे वाटते हे खरे, पण ग्रीन टीवर झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष त्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. उलट काश्मीरचा कहवा परंपरेने हिरव्या चहाच्याच पानांचा होतो आणि हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यातही हिरवा चहा तयार होतो. तेव्हा ग्रीन टी हे भारताला अगदीच परके पेयही नाही.

चहाच्या औषधी गुणांची ख्याती जुनी आहे. जपानमधले बौद्ध भिक्षू एसाई यांनी १२११ मध्ये चहा पिऊन प्रकृती कशी राखावी यावर ग्रंथ लिहिला. आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर त्या पानांचा शोध घेणाऱ्यांत मिचियो त्सुजिमुरा यांचे नाव आदराने घेतले जाते. १९२९ मध्ये त्यांनी ग्रीन टीतून कॅटेचिन वेगळे काढले. पुढे जपानमध्ये कृषिविज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मात्र पानात एखादे रसायन सापडणे आणि ते पोटात गेल्यावर माणसाचे आयुष्य वाढणे यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. ते अंतर मोजायला हजारो माणसांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

तसे लक्ष जपानी संशोधकांनी ठेवले. ईशान्य जपानमधल्या मियागी प्रांतात ग्रीन टी हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. तिथल्या ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० स्त्री-पुरुषांचा मागोवा ११ वर्षे घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दिवसाला एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण पुरुषांत १२ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के कमी आढळले. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू एकूण २६ टक्क्यांनी कमी होते. जपानमधल्याच ८२,३६९ लोकांचा १३ वर्षे मागोवा घेणाऱ्या आणखी एका अभ्यासात रोज चार कप वा अधिक ग्रीन टी पिणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका २० टक्के कमी दिसला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे आकडे किरकोळ नाहीत. ग्रीन टीच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम साक्षीदार कोणता, तर हाच.

पण साक्ष पूर्ण ऐकायला हवी. मियागीतला कप १०० मिलिलिटरचा होता. म्हणजे पाच कप म्हणजे अर्धा लिटर, ऑफिसातले दोन मोठे मग. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या अभ्यासांत कुणाला ग्रीन टी प्यायला लावला नव्हता. जे पीत होते त्यांची न पिणाऱ्यांशी तुलना केली होती. दिवसातून पाच वेळा चहा पिणाऱ्या जपानी माणसाच्या ताटात मासे असतात, सोयाबीन असते, समुद्री वनस्पती असतात. लठ्ठपणा त्या देशात कमीच. संशोधक वय, धूम्रपान, आहार, व्यायाम यांचा हिशेब वजा करून पाहतात, पण माणसाचे सगळे जगणे वजा करता येत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत फायदा जास्त का दिसला, याचे एक कारण संशोधकांनीच सुचवले : पुरुष सिगारेट जास्त ओढत होते. चार कप चहाने सिगारेटचा धूर धुऊन निघत नाही, असाही त्याचा अर्थ होतो. आणि याच अभ्यासात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये ग्रीन टीमुळे काही फरक आढळला नाही. खोक्यावरच्या जाहिरातीत हे वाक्य सहसा येत नाही.

म्हणून पुढची पायरी असते ती चाचण्यांची. निम्म्या लोकांना ग्रीन टी किंवा त्याचा अर्क द्यायचा, निम्म्यांना तसेच दिसणारे दुसरे काही, आणि फरक मोजायचा. अशा ३१ चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात ‘वाईट’ म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे साडेचार मिलिग्रॅमने उतरलेले दिसले. फरक खरा होता, योगायोगाचा नव्हता. पण तो किती मोठा? ज्याचे एलडीएल १६० आहे, त्याचे ग्रीन टीने साधारण १५५ होईल. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी तेच एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी, म्हणजे ११० किंवा त्याच्याही खाली आणू शकते. रक्तदाबाचेही तसेच; घट काही अंकांची असते. निरोगी माणसाच्या रोजच्या सवयीत हा थोडा फायदा मोलाचा आहे. आजारी माणसाच्या गोळीची जागा तो घेऊ शकत नाही. ‘ग्रीन टी चालू केला, आता गोळी कशाला’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे, कारण वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दुखत नाहीत. चूक कळते ती अर्धांग लुळे पडल्यावर किंवा छातीत कळ आल्यावर.

वजनाच्या दाव्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. जिनिव्हा इथे १९९९ मध्ये दहा तरुण पुरुषांवर एक प्रयोग झाला. कॅफीन आणि कॅटेचिन असलेला ग्रीन टीचा अर्क दिल्यावर त्यांच्या शरीराने चोवीस तासांत सुमारे चार टक्के अधिक ऊर्जा खर्च केली. ‘चरबी जाळणारा चहा’ या कल्पनेला बळ मिळाले ते अशा प्रयोगांतून. पण दहा जणांवरचा एका दिवसाचा प्रयोग आणि महिनोन्‌महिने वजनकाट्यावर दिसणारा परिणाम यांत फरक आहे. वैद्यकीय पुराव्याची काटेकोर छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१२ मध्ये किमान १२ आठवडे चाललेल्या चाचण्या तपासल्या. जपानबाहेरच्या चाचण्यांत ग्रीन टी घेणाऱ्यांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी किती जास्त उतरले? ०.०४ किलो. म्हणजे ४० ग्रॅम, साधारण एका पोळीच्या वजनाइतके. जपानमधल्या काही अभ्यासांत घट जास्त होती, पण ते निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. एकूण निष्कर्ष असा, की प्रकृतीत फरक पडावा इतकी ही घट नाही.

मग ‘माझे तर खरेच उतरले’ असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांचा हिशेब फक्त दुसऱ्या रकान्यात मांडायला हवा. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमच्यात साधारण पाच ग्रॅम. दिवसाला ४० ग्रॅम साखर झाली, म्हणजे १६० कॅलरी. वर्षाचा हिशेब केला तर साडेचौदा किलो साखर, आणि ती केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आपल्याकडे ही मर्यादा दुपारच्या आतच ओलांडली जाते. बिस्किटे आणि गोडधोड अजून धरलेलेच नाहीत. हे चार कप बंद होऊन त्यांच्या जागी बिनसाखरेचा ग्रीन टी आला, तर वजन उतरणारच. पण ते कपात आलेल्या कॅटेचिनामुळे नव्हे, तर कपातून गेलेल्या साखरेमुळे. ग्रीन टीचा भारतीय माणसाला होणारा सर्वांत मोठा फायदा कदाचित हाच आहे, की त्यात साखर घालायची पद्धत नाही. देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. तिथे हा फायदा लहान नाही. मात्र दोन चमचे मध घालून ‘हेल्दी’ ग्रीन टी पिणाऱ्याने तो फायदाही हातचा घालवला, असे समजावे. शरीराच्या दृष्टीने मधही साखरच.

हाच तर्क उलट बाजूनेही लावून पाहता येतो. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बहुतेक लोक काळा चहा पितात आणि बरेचसे त्यात दूध घालतात. रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण चहा न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्के कमी आढळले. दूध घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांतही. हाही लोकांच्या सवयींचा मागोवा घेणाराच अभ्यास, त्यामुळे वरची सावधगिरी इथेही लागू. पण एवढे म्हणता येते, की पिढ्यान्‌पिढ्या प्यायला जाणारा नेहमीचा चहा हा खलनायक नाही. ज्याला ग्रीन टी घशाखाली उतरत नाही, त्याने कपातली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर आणली किंवा बिनसाखरेचा कोरा चहा घेतला, तरी फायद्याचा मोठा वाटा त्याच्या पदरात पडतो.

कर्करोगाच्या बाबतीत आशा सर्वांत मोठी होती आणि पुरावा सर्वांत दुबळा निघाला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ईजीसीजीने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली, हे खरे. पण त्या बशीत ईजीसीजीचे जे प्रमाण असते, ते चहा प्यायल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रमाणाच्या अनेक पटींनी जास्त असते. आतड्यातून कॅटेचिन फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते, तेही काही तासांत शरीराबाहेर टाकले जाते. मियागीतल्याच २६ हजारांवर लोकांच्या पाहणीत ग्रीन टीमुळे जठराचा कर्करोग कमी होतो असे आढळले नाही. तो निष्कर्ष २००१ सालचा. ‘कॉक्रेन’ने २०२० मध्ये १४२ अभ्यास आणि ११ लाख लोकांची माहिती चाळली, ग्रीन टी कर्करोग टाळतो असे ठामपणे म्हणण्याजोगा एकसंध पुरावा तीतून मिळाला नाही. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द वाचला की सारे सिद्ध झाले असे वाटते. पण त्या शब्दानेही पूर्वी धोका दिला आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळ्यांतून दिले गेले. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी वाढला. गाजरात जे सोज्वळ असते, ते गोळीत तसेच राहते असे नाही.

चहाच्या पानाचीही हीच गत आहे. कपातला ग्रीन टी बहुतेक निरोगी प्रौढांसाठी सुरक्षित आहे. शतकानुशतकांचा वापर आणि आजच्या तपासण्या, दोन्ही तेच सांगतात. धोका सुरू होतो तो ‘वजन उतरवणाऱ्या’ कॅप्सूलमध्ये कोंबलेल्या अर्कापासून. एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी असते. कॅप्सूलमधून ते एका दमात कितीतरी पट जाऊ शकते आणि रिकाम्या पोटी ते अधिक शोषले जाते. फ्रान्स आणि स्पेनमध्ये २००३ मध्ये ग्रीन टीच्या अर्काचे, वजन उतरवण्यासाठी विकले जाणारे उत्पादन यकृताला इजा झाल्याच्या घटनांनंतर बाजारातून काढून घ्यावे लागले. अमेरिकेत मिनेसोटा इथे रजोनिवृत्ती झालेल्या सुमारे एक हजार महिलांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत निम्म्या जणींना रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी देण्यात आले. त्यांतल्या सुमारे पाच टक्के महिलांमध्ये यकृताला त्रास होत असल्याचे दाखवणारे रक्तातले विकर लक्षणीय वाढले; अर्क न घेणाऱ्या गटात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. अशी इजा सगळ्यांना होत नाही. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांना तिचा धोका अधिक असल्याचे पुढे दिसून आले. पण आपली जनुकीय ठेवण कोणती, हे कॅप्सूल विकत घेणाऱ्याला माहीत नसते.

युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेणे यकृतासाठी चिंतेचे ठरवले. २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियम करून दिवसाची मात्रा त्याखाली ठेवणे बंधनकारक केले आणि रिकाम्या पोटी घेऊ नये, गर्भवती आणि १८ वर्षांखालील मुलांनी घेऊ नये, अशा सूचना लेबलवर छापायला लावल्या. भारतात जिम, ऑनलाइन दुकाने आणि ओळखीपाळखीतून हे अर्क सर्रास विकले जातात. अशा प्रत्येक डबीवर ईजीसीजीचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये आणि यकृताबद्दलची सूचना ठळक मराठी-हिंदीत असली पाहिजे, हा आग्रह ग्राहकांनी आणि अन्न प्रशासनाने धरायला हवा. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य लेबलची जागा घेऊ शकत नाही. कॅप्सूल घेताना लघवी गडद होऊ लागली, डोळे पिवळे दिसू लागले, भूक मेली किंवा पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखू लागले, तर ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना डबीसकट दाखवावे.

कॅटेचिनांचे औषध होतच नाही, असे मात्र नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये ग्रीन टीच्या अर्कापासून केलेल्या एका मलमाला जननेंद्रियावरील विषाणुजन्य चामखिळींच्या उपचारासाठी मान्यता दिली. पण त्यासाठी मात्रा ठरली, चाचण्या झाल्या, दुष्परिणामांची नोंद झाली आणि वापर एकाच विकारापुरता बांधून दिला गेला. पेयाचे औषध व्हायचे तर त्याला या वाटेने जावे लागते. खोक्यावर हृदयाचे चित्र छापून ते होत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी याहून जवळचा धोका वेगळाच आहे. चहा हिरवा असो वा काळा, त्यातली पॉलिफेनॉल द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. मांसाहारातल्या लोहावर हा परिणाम कमी. पालेभाज्या, डाळी, बाजरी यांतल्या लोहावर जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात मोडतात. अशा घरात ‘जेवणावर ग्रीन टी घेतला की तेल कापले जाते’ हा सल्ला मेथीच्या भाजीतले थोडेथोडके लोहही हिरावून घेतो. सकाळी चहा-पोळी खाऊन कामाला जाणाऱ्या बाईची आणि चहाबरोबर लोहाची गोळी गिळणाऱ्या गर्भवतीची अडचण तीच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. कोणताही चहा जेवणापासून दूर ठेवावा आणि ताटात लिंबाची फोड असावी. तीतले ‘क’ जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करते. चहाचा रंग बदलण्यापेक्षा त्याची वेळ बदलणे या घरांसाठी अधिक मोलाचे ठरेल.

काही औषधांशीही ग्रीन टीचे पटत नाही. जपानमध्ये निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी दिल्यावर नॅडोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे रक्तातले प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटलेले दिसले. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरीन घेणाऱ्यांनी ग्रीन टीचे प्रमाण मनाने एकदम वाढवू नये. कर्करोगाचे उपचार सुरू असताना अर्काच्या कॅप्सूल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. बॉर्टेझोमिब या औषधाचा परिणाम ईजीसीजी निष्प्रभ करू शकते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. गर्भवतींनी कॅफीन मर्यादेत ठेवावे आणि फॉलिक ॲसिडची गोळी चहाबरोबर घेऊ नये. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना ‘सकाळी उपाशीपोटी’ हा सल्ला बहुधा मानवत नाही. औषधे कोणती चालू आहेत हे डॉक्टरांना सांगताना ‘रोज ग्रीन टी घेतो’ हेही सांगावे. ती क्षुल्लक गोष्ट नाही.

इतके सारे पाळून ग्रीन टी प्यायचा तर तो काढ्यासारखा प्यायचे कारण नाही. त्याचा कडवटपणा बहुतेक वेळा पानांचा नसतो, करण्याच्या पद्धतीचा असतो. नेहमीच्या चहासारखा तो उकळायचा नसतो. पाणी उकळून दोन-चार मिनिटे बाजूला ठेवावे, साधारण ८० अंशांवर आले की पाने टाकावीत आणि दोन-तीन मिनिटांत गाळून घ्यावे. जास्त वेळ ठेवला की तुरटपणा वाढतो. पिताना तो वाफाळता नसावा. ६५ अंशांहून गरम कोणतेही पेय सतत पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे. बशीत ओतून फुंकर घालत चहा पिणाऱ्या आजोबांचे शहाणपण इथे उपयोगी पडते. दिवसाला दोन-तीन कप पुरेत, आणि संध्याकाळनंतर नकोत. ग्रीन टीतही कॅफीन असते, झोप उडते. त्यातले थिअॅनिन हे द्रव्य आणि कॅफीन मिळून मन सावध आणि शांत ठेवतात असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. कामाच्या मधल्या वेळेत शांतपणे घेतलेला एक कप एवढ्यासाठीही चांगलाच.

शेवटी हिशेब असा उरतो. ग्रीन टी हे चांगले पेय आहे. साखरेच्या चहाची किंवा शीतपेयाची जागा त्याने घेतली तर फायदा निश्चित. हृदयाला थोडा लाभ संभवतो. वजन, मधुमेह, कर्करोग यांच्यासाठी तो उपचार नाही. जेवणाजवळ तो नडतो आणि कॅप्सूलमधून तो घातक ठरू शकतो. ज्या मियागीच्या लोकांमुळे त्याची कीर्ती झाली, ते प्रकृती सुधारण्यासाठी तोंड वाकडे करून ग्रीन टी पीत नव्हते. त्यांना तो आवडत होता. ज्यांना तो आवडतो त्यांनी तो निवांत प्यावा. ज्यांना आवडत नाही त्यांनी आल्याचा चहाच घ्यावा, फक्त चमचा साखरेच्या डब्यात घालण्याआधी क्षणभर थांबावे. आणि गोळी ज्यांना लागू आहे, त्यांनी ती वेळेवर, साध्या पाण्याबरोबर घ्यावी.